तसबिरीची पाठही पाहावी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

जुन्या वाड्यात किंवा माळ्यावरच्या अडगळीत 'राजा रविवर्मा यांचे अस्सल चित्र' सापडल्याच्या बातम्या आपल्या आणि इतरही दैनिकांत अधूनमधून वाचायला मिळतात. बातमीसोबत चित्राचा आणि ते दोन्ही हातांनी धरून उभ्या असलेल्या मालकांचा फोटो असतो; चित्राच्या पाठीचा फोटो मात्र माझ्या पाहण्यात आजवर आलेला नाही. यापुढे तो मागवून घ्यावा, एवढीच माझी विनंती आहे. ती करण्याचा मला काय अधिकार, हे सांगण्यासाठी आमच्या घरातल्या एका तपासाची हकिकत सांगणे भाग आहे. या तपासात फिर्यादी मीच होतो, हवालदारही मीच होतो आणि निकाल लागला तो माझ्याच विरुद्ध.

आमच्या देवघराच्या वर कमळात उभ्या असलेल्या लक्ष्मीची एक तसबीर आहे. शेजारी सोंडेत हार धरलेला हत्ती आहे आणि कोपऱ्यात रविवर्मा यांची सही आहे. अशीच दुसरी तसबीर माझ्या चुलत्यांच्या घरी आहे. आजोबांच्या मूळ घरात तसबीर एकच होती, यावर दोन्ही घरांचे एकमत आहे; १९६४ मध्ये वाटण्या झाल्या तेव्हा ती आपल्याकडे आली, यावर दोन्ही घरे तितकीच ठाम आहेत. साठ वर्षे प्रत्येक लग्नकार्यात, विशेषतः पंगती उठल्यानंतर, हा वाद निघतो. गेल्या दिवाळीत तो इतका रंगला की मी निवृत्त गणितशिक्षकाच्या अधिकाराने जाहीर केले, आता याची सिद्धता मांडून दाखवतो.

पहिला पुरावा तोंडी होता. आमच्या आत्याबाईंच्या म्हणण्याप्रमाणे ही तसबीर आजोबांना पुण्यात खुद्द रविवर्मा यांनी दिली होती. आजोबांचा जन्म १९११ चा आणि रविवर्मा निवर्तले १९०६ मध्ये. हे निदर्शनास आणून देताच आत्याबाईंनी क्षणाचाही विलंब न लावता ती भेट पणजोबांच्या नावावर केली. साक्षीदाराने जबानी फिरवली की काय समजायचे, हे जाणकारांना सांगायला नको.

दुसरा पुरावा सहीचा. ती पाहूनच बहुतेकांची छाती भरून येते आणि बातमीतही तिचाच उल्लेख ठळकपणे असतो. वास्तविक सहीने काहीच सिद्ध होत नाही. रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात छापखाना काढला, तो आपल्या तैलचित्रांच्या रंगीत प्रती सामान्य माणसाच्या भिंतीपर्यंत पोहोचवण्यासाठीच. चित्रातल्या प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा तयार करावी लागे, शिळेवर आकृती उलटी काढावी लागे आणि एकच कागद एकेका शिळेवर पुन्हा पुन्हा, केसभरही न सरकू देता, छापावा लागे. शिळेवर सही असली की ती निघणाऱ्या प्रत्येक प्रतीवर उमटणारच. पुढे हा छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला गेला, तरी नाव रविवर्मा यांचेच राहिले. धुरंधरांसारख्या इतर चित्रकारांची चित्रेही तिथे छापली गेली. १९७२ मध्ये आगीने छापखान्याची राख केली, तोवर रविवर्मा यांना जाऊन सहासष्ट वर्षे झाली होती. त्यामुळे 'रविवर्मा प्रेसचे चित्र' आणि 'रविवर्मा यांचे चित्र' यांत अंतर आहे, आणि 'रविवर्मा यांच्या हातचे चित्र' ही तर तिसरीच गोष्ट झाली.

म्हणून मी सही सोडली आणि घड्याळजी वापरतात तसले दहापट मोठे दाखवणारे भिंग विकत आणले. ज्यांच्या घरी अशी तसबीर आहे त्यांनी हा खर्च अवश्य करावा. हाताने रंगवलेले तैलचित्र असेल तर भिंगाखाली कुंचल्याचे फटकारे दिसतात, ठिपके दिसत नाहीत. शिळाछापाच्या प्रतीत ठिपके दिसतात, पण ते कारागिराने शिळेवर हाताने दिलेले असल्यामुळे लहानमोठे, कुठे दाट तर कुठे विरळ असतात. अलीकडच्या ऑफसेट छपाईत मात्र ठिपके रांगोळीच्या ठिपक्यांच्या कागदासारखे शिस्तीत बसलेले असतात आणि निळा, किरमिजी, पिवळा व काळा या चारच रंगांत सारे भागवलेले असते. बोटाने चाचपून पाहण्यावर कोणी विसंबू नये, कारण ओलिओग्राफला, म्हणजे तैलचित्राच्या अशा छापील रंगीत प्रतीला, तैलचित्राची कळा यावी म्हणून त्यावर वॉर्निश चढवण्याची आणि कॅनव्हासचा पोत दाबून उठवण्याची पद्धत होती.

चुलत्यांकडच्या लक्ष्मीच्या गालावर ठिपके विस्कळीत निघाले. आमच्या लक्ष्मीच्या गालावर ते रांगेत उभे होते. माझ्यासारख्याला रांग पाहून एरवी समाधान वाटते. त्या दिवशी वाटले नाही.

तरीही एका पुराव्यावर निकाल देऊ नये म्हणून दोन्ही तसबिरी उतरवून त्यांच्या पाठी उघडल्या. बारीक खिळे उपटून पुठ्ठा काढल्यावर दोन्हींत आधाराला घातलेले वर्तमानपत्र निघाले (आपले नव्हे, हे प्रामाणिकपणे नमूद करतो). चुलत्यांकडच्या कागदावर १९३८ साल होते आणि चौकटीच्या पट्टीखाली दडलेल्या समासात छापखान्याच्या नावाबरोबर 'लोणावळा' हा शब्द होता. आमच्या कागदावर १९६४ साल होते, म्हणजे नेमके वाटण्यांचे वर्ष. समासात काही नव्हते, कारण फ्रेम करणाऱ्याने समासच कापून टाकला होता. वर्तमानपत्रावरून चौकट कधी घातली याचाच अंदाज येतो, चित्र कधी छापले याचा नव्हे, हे मला मान्य आहे. पण दोन्ही मुलांचा मान राखण्यासाठी आजीने त्या वर्षी गुपचूप दुसरी लक्ष्मी आणली असावी, या तर्कापासून मला पळ काढता येईना.

शेवटचा घाव आत्याबाईंच्याच आल्बमने घातला. त्यांच्या १९५६ च्या लग्नातल्या एका कृष्णधवल फोटोत मंडळींच्या मागे ती तसबीर आहे आणि लक्ष्मीच्या पदराचा काठ चक्क चमकतो आहे. त्या काळी घरोघरच्या बायका अशा चित्रांवर जरतार आणि टिकल्या शिवून देवीला नटवत असत. चुलत्यांकडचे चित्र उजेडासमोर धरताच पदराच्या काठाने सुईची बारीक छिद्रे ओळीने उजळली. आमच्या चित्रावर एकही छिद्र नव्हते. सिद्धता पूर्ण झाली आणि ती मला चुलत्यांच्या दिवाणखान्यात, सर्वांदेखत, मोठ्याने वाचून दाखवावी लागली.

या उद्योगातून सुचलेल्या दोन गोष्टी आपल्या वाचकांना कळाव्यात. जुनी तसबीर नव्याने मढवताना समास कापू देऊ नये आणि पाठचे कागद टाकून देऊ नयेत, कारण नावगाव आणि तारीख सापडली तर तिथेच सापडते. चित्र काचेला चिकटले असेल तर ते ओढून काढू नये, जाणकाराला दाखवावे. शिवाय रविवर्मा यांची मूळ चित्रे १९७९ पासून राष्ट्रीय ठेवा मानली जातात आणि भारतात असलेली चित्रे देशाबाहेर नेऊन विकता येत नाहीत. त्यामुळे 'अस्सल' हा शब्द छापण्यापूर्वी आपल्या वार्ताहरांनी खिशात भिंग ठेवले तर वाचकांवर उपकार होतील. ओलिओग्राफ म्हणून छापली तरी अशी बातमी मी आवडीने वाचेन. शंभर वर्षांची शिळाछापाची प्रत टिकून राहणे हीच मुळात बातमी आहे.

एक प्रश्न मात्र अद्याप सुटलेला नाही. १९५६ मध्ये चमकणाऱ्या त्या टिकल्या पुढे गेल्या कुठे? माझा संशय माझ्या चुलत बहिणीवर आहे. तिच्या भातुकलीतल्या बाहुलीचा शालू मी स्वतः पाहिलेला आहे आणि तो फारच झगमगीत होता. तिने आता सत्तरी ओलांडली आहे आणि ती सर्व आरोपांचा इन्कार करते. बाहुली कुठे आहे, हे सांगायलाही ती तयार नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त गणितशिक्षक, सातारा