बंड्या, तुझी ती टेप सापडली

श्रूझबरी, मॅसॅच्युसेट्स
३ ऑक्टोबर २०२५

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

गेल्या दिवाळीपासून तुला पत्र लिहायचं राहून गेलंय. मधे दोनदा फोनवर घाईघाईत बोललो, पण ते काही खरं बोलणं नव्हे, आणि ते मला खात होतं. इकडे सगळे बरे. माझी शुगर ताब्यात आहे. काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं हे वहिनींकडून कळलं, जीव भांड्यात पडला.

आता मुद्द्याचं. तुझी टेप सापडली, आपल्या न्यू इंग्लंड पेट्रिअट्सचा चार्जर्सविरुद्धचा तो अमेरिकन फुटबॉलचा सामना भरलेली. 'चार्जर्स, १४ ऑक्टोबर २००१, पुसू नये', आणि 'पुसू नये' खाली तुझ्या त्या ठसठशीत दोन रेघा. सोलापूरकर जाताना जे खोकं ठेवून गेला होता त्यात, त्याच्या कुकरच्या खाली.

लगेच लावली नाही, घाबरू नकोस. आधी उजेडात धरून खिडकीतून गुंडाळी पाहिली. कडेला पांढरी भुकटी दिसली तर टेप व्हीसीआरमध्ये घालायचीच नसते, बुरशी हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, बसते आणि मागून येणाऱ्या प्रत्येक टेपला लागते. तुझी गुंडाळी काळीभोर आणि सपाट होती. तळघरातला गारठा अंगात असतो म्हणून एक दिवस वर खोलीत ठेवली, नाहीतर आत दव धरतं. मग न लावता एकदा शेवटपर्यंत पुढे आणि एकदा मागे गुंडाळली, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात आणि ताण सारखा होतो. हेड पुसायला कापूस घेतला नाही, त्याचे तंतू अडकतात. शॅमॉय कातडं लावलेली काडी, तिला आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि काडी स्थिर धरून ड्रम हाताने फिरवायचा. काडी वरखाली घासली की हेड मोडलंच समज.

आणि आता ते जुनं भांडण. टी-१२० टेप, एसपी वेगावर दोन तास, ईपीवर सहा. मी म्हणत होतो दोन टेपा घे, एसपीवर भर, चित्र स्वच्छ येईल. तू हट्टाने ईपी लावलंस. चोवीस वर्षांनी सांगतो, तू बरोबर होतास. सामना ओव्हरटाइममध्ये गेला, टेप बदलण्याच्या घाईत काय गेलं असतं कोण जाणे. ईपीची खोड एवढीच की तिच्यातला पट्टा जेमतेम १९ मायक्रॉनचा, एसपीच्या ५८ च्या तिसरा हिस्सा. म्हणून परक्या व्हीसीआरवर ट्रॅकिंग जमत नाही, खाली हिम पडल्यासारखी पट्टी थरथरत राहते. ज्या यंत्रावर भरली तेच लागतं. ते यंत्र तू जाताना माझ्याकडे ठेवलं होतंस आणि ते अजून चालतं.

चित्र दाणेदार आहे, पण कोपऱ्यातलं घड्याळ वाचता येतं, आणि मला तेच हवं होतं.

कारण ऑगस्टपासून एक गोष्ट मनात सलते आहे. फॉक्सबरोला, पेट्रिअट्सच्या मैदानावर, आपल्या क्वार्टरबॅकचा (चेंडू फेकून डाव चालवणारा), टॉम ब्रेडीचा ब्राँझचा पुतळा बसवला, बारा फुटी. तू फोटो पाहिलेच असशील. त्या दिवसापासून जो तो सात सुपर बोल (मोसमाचा अंतिम सामना), सात अंगठ्या. हे सगळं योग्यच आहे, मलाही भरून आलं. पण सुरुवातीच्या दिवसांबद्दल बोलायची वेळ आली की लोक दोन वाक्यांत उरकतात: ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, १९९ व्या क्रमांकावर निवडला, मग आधीचा क्वार्टरबॅक ब्लेडसो जखमी झाला आणि नशीब उघडलं. नाहीतर मग 'चमत्कार'. बंड्या, मला हे दोन्ही शब्द सहन होत नाहीत. २००१ मधला तो पोरगा नक्की काय करत होता, हे डोळ्यांनी पाहिलेली माणसं कमी होत चालली आहेत. आणि जे क्लिप बघून मोठे झाले त्यांना ते दिसणारच नाही, कारण तो जे करत होता त्याची क्लिप कुणी कापत नाही.

तुझ्या टेपवर ते आहे. चौथा क्वार्टर, न्यू इंग्लंड २६-१६ ने मागे, समोर चार्जर्सचा क्वार्टरबॅक डग फ्लूटी, इकडच्याच नेटिकमध्ये वाढलेला. टॉमचा सुरुवातीपासून उतरून खेळलेला हा फक्त तिसरा सामना. पहिल्यात कोल्ट्सना ४४-१३ हरवलं होतं, पण त्याच्या स्वतःच्या फेकींचे १६८ यार्ड आणि टचडाऊन (चेंडू टोकाच्या रेषेपार नेणं) एकही नाही. दुसऱ्यात मायामीला ३०-१० असा मार खाल्ला, त्याचे यार्ड ८६. आणि या तिसऱ्यात ५४ फेकी, ३३ झेलल्या गेल्या, ३६४ यार्ड. भागाकार करून बघ, झेलामागे अकरा यार्ड. चेंडू हवेत असताना त्याच्याकडे बघू नकोस, टॉमच्या हेल्मेटकडे बघ. मागे जातो, पहिला माणूस पाहतो, झाकलेला. मान वळते, दुसरा, झाकलेला. समोरून बचाव आत घुसतोय, तर हा मागे पळत नाही, अर्धं पाऊल पुढे सरतो, म्हणजे कडेने येणारे त्याच्या पाठीमागून निघून जातात. आणि तरी कुणी मोकळा नसला तर बाजूला उभ्या रनिंग बॅककडे (एरवी चेंडू घेऊन पळणारा) सरळ पाच यार्डांचा चेंडू. आपल्या क्रिकेटच्या भाषेत, एकेरी धाव. षटकार मारायचा मोह एकदाही नाही.

३६ सेकंद उरले असताना विगिन्सला फेकून बरोबरी. ओव्हरटाइममध्ये ब्लिट्झ, म्हणजे जादा बचावपटू फेकणाऱ्यावर धावून, येतोय हे त्याने रेषेवर उभं राहूनच ओळखलं, डाव बदलला, पॅटनकडे लांब टाकला आणि इंटरफिअरन्सचा, म्हणजे झेल घेताना अडवल्याचा, दंड मिळवला. मग व्हिनाटिएरीचा ४४ यार्डांचा फील्ड गोल (लाथेने काठ्यांमधून मारलेला), २९-२६. म्हणजे लांब फेकायचं ठरवलं तेही चेंडू सुटण्याआधी, बचाव मोजून.

पहिल्या १६२ फेकी एकही इंटरसेप्शन (समोरच्या संघाने झेललेली फेक) नाही, कारकिर्दीच्या सुरुवातीचा तेव्हाचा विक्रम. मग डेन्व्हरला एकाच सामन्यात चार. त्या दिवशी तू मला चार वेळा फोन केलास, प्रत्येक इंटरसेप्शनला एक. ते अजून विसरलेलो नाही!

आता नशिबाचं. २००० च्या ड्राफ्टमध्ये त्याच्या आधी सहा क्वार्टरबॅक गेले. सॅन मातेओचा हा मुलगा, सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्टीनाइनर्सवर जीव टाकणारा, आणि त्याच फोर्टीनाइनर्सनी ६५ व्या क्रमांकावर कार्माझी नावाच्या क्वार्टरबॅकला घेतलं, जो नियमित मोसमात एक सामनाही खेळला नाही. टॉम चाळीस यार्ड ५.२८ सेकंदांत धावला होता, तो आकडा लोकांनी पाहिला. मिशिगनमधला शेवटचा सामना मात्र पाहिला नाही: १ जानेवारी २००० चा ऑरेंज बोल, ३६९ यार्ड, चार टचडाऊन, अलाबामावर ३५-३४. आपल्या क्वार्टरबॅकांचा प्रशिक्षक डिक रेबाइनने पाहिलं. मुख्य प्रशिक्षक बेलिचिकने त्याला दोन मुलं बघायला पाठवलं होतं, हा आणि लुइझियाना टेकचा रॅटे. तो परत आला तो टॉमचं नाव घेऊन. पुढे काय? ब्लेडसो, फ्रीझ, बिशप, आणि चौथा टॉम. ५३ जणांच्या चमूत चार क्वार्टरबॅक कुणी ठेवत नाही, एक जागा फुकट जाते. पाच विजय आणि अकरा पराभवांच्या मोसमात बेलिचिकने ती जागा फुकट घालवली, कारण सोडला तर दुसरं कुणी उचलेल. अख्ख्या मोसमात डेट्रॉइटला तीन फेकी, एक झेल, सहा यार्ड. आणि पुढच्या उन्हाळ्यात अनुभवी ह्यूआर्डला मागे टाकून तो दुसऱ्या क्रमांकावर होता. ब्लेडसो पडला तेव्हा हाच उठून उभा राहिला, कारण ती जागा त्याने ऑगस्टमध्येच मिळवली होती. याला नशीब कसं म्हणायचं?

रेबाइन त्याच ऑगस्टमध्ये गेला, ४५ व्या वर्षी. टॉमला एकदाही सुरुवात करताना त्याने पाहिलं नाही. पुतळ्याच्या बातम्यांत मी त्याचं नाव शोधत बसलो होतो.

आणि 'टक रूल'. मला माहितेय तू आता खुर्चीत सरसावून बसला असशील. १९ जानेवारी २००२, बर्फ, रेडर्स १३-१० ने पुढे, दोन मिनिटांहून कमी वेळ. रेडर्सच्या वुडसनने टॉमला धडक दिली, चेंडू सुटला, त्यांच्याच बिकर्टने त्यावर झेप घेतली. नियम असा होता की पुढे फेकायला हात निघाला की ती फेक सुरू झाली, मग चेंडू परत अंगाशी घेताना निसटला तरी ती अपुरी फेकच. पंच वॉल्ट कोलमनने पडद्यावर पाहून तेच दिलं. नियम वाईट असेल, २०१३ मध्ये काढलाही. पण तो त्या रात्री कुणी खिशातून काढला नव्हता. चार महिने आधी, २३ सप्टेंबरला, जेट्सच्या टेस्टावर्डेचा चेंडू आपल्याच लोकांनी पाडला आणि याच नियमाने जेट्सना परत मिळाला. म्हणजे ज्या सामन्यात जेट्सच्या मो लुइसने ब्लेडसोला उडवलं, त्याच सामन्यात. हे तू मला सोलापूरकरच्या गाडीत सांगितलं होतंस, आणि गेली चोवीस वर्षं मी ते सगळ्यांना माझं म्हणून सांगत आलो. श्रेय तुझं.

शिवाय नियमाने चेंडू परत मिळाला, गुण नाही मिळाले. ४५ यार्डांवरून, पाय रुतेल एवढ्या बर्फात व्हिनाटिएरीने तो बुटका, सरळसोट चेंडू मारला आणि तो काठीवरून गेला. मग ओव्हरटाइम, १६-१३. त्या जुन्या मैदानावरचा तो शेवटचा सामना. ॲल्युमिनिअमचे बाक होते तिथे, आता तिथे गाड्या लागतात आणि दुकानं आहेत.

ब्लेडसोबद्दल आपण अजून भांडणारच. तू त्याच्यासाठी चतुर्थी धरायची तेवढी बाकी ठेवली होतीस. नोव्हेंबरात तो बरा झाला आणि बेलिचिकने टॉमलाच ठेवलं, तेव्हा तू म्हणालास हा अन्याय आहे. मार्चमध्ये दहा वर्षांचा, १० कोटी ३० लाख डॉलरचा करार केलेल्या माणसाला बाकावर बसवतात का? मी तेव्हा पैशाचा काय संबंध म्हणून तुझ्यावर ओरडलो. पण पिट्सबर्गला, सुपर बोलआधीच्या सामन्यात, टॉमचा घोटा दुखावला आणि ब्लेडसो आत येऊन पॅटनला अकरा यार्डांचा टचडाऊन फेकून गेला, ते मी कधी मोकळेपणाने मान्य केलं नाही. आज करतो. त्या दिवशी तो नसता तर न्यू ऑर्लिन्स नव्हतं.

आणि न्यू ऑर्लिन्सचा तो सुपर बोल. शेजारच्या पोराने मला विचारलं, शेवटच्या चढाईतली टॉमची सगळ्यात भारी फेक कुठली? बंड्या, मला उत्तर देता येईना, आणि तेच उत्तर आहे. १७-१७, १ मिनिट २१ सेकंद, टाइमआउट शून्य, स्वतःच्या १७ यार्डांवर. टीव्हीवर समालोचक मॅडन म्हणत होता वेळ काढा, ओव्हरटाइमला जा. तर हा काय करतो: रेडमंडला ५. रेडमंडला ८. चेंडू जमिनीवर आपटून घड्याळ थांबवलं, ४१ सेकंद. परत रेडमंडला ११, आणि इथे रेडमंड अंग ताणून रेषेबाहेर गेला. आत पडला असता तर परत घाईने रांग लावून आपटा, म्हणजे दहा-पंधरा सेकंद आणि एक डाव गेला. ब्लिट्झ आला तर चेंडू बाहेर फेकून दिला, मार खाल्ला नाही. मग ट्रॉय ब्राउनला मधोमध २३, तोही बाहेर पळाला. विगिन्सला ६. परत आपटला, ७ सेकंद. बेरीज कर: ५, ८, ११, २३, ६, त्रेपन्न यार्ड. व्हिनाटिएरीला ४८ यार्डांची किक उरली. २०-१७. टॉमचे पूर्ण सामन्यातले यार्ड १४५. एवढ्या आकड्यांत सामन्याचा मानकरी. पोराला मी रेडमंडच्या तीन झेलांबद्दल सांगितलं. तो म्हणाला, रेडमंड कोण?

म्हणून ही टेप. मी एस-व्हिडिओ केबलने, मधे टाइम बेस करेक्टर लावून संगणकावर उतरवतोय, जाहिरातींसकट, काहीही न कापता. चित्र मधेच उडी मारतं ते त्याने थांबतं, आवाज आणि चित्र वेगवेगळे धावत नाहीत. हा आठवडा जाईल. टेप तुला पाठवायचा विचार होता, पण इकडची टेप एनटीएससी पद्धतीची, तुझ्या तिकडच्या पाल पद्धतीच्या व्हीसीआरवर रंग आणि वेग दोन्हींची वाट लागेल. फाइल पाठवतो. मूळ टेप कोरड्या कपाटात उभी ठेवतो, आडवी ठेवली की वेढे एका कडेवर बसतात.

तुझं काय चाललंय? बाणेरच्या फ्लॅटचा ताबा मिळाला का? सईची दहावी ना यंदा? तिला आशीर्वाद. वहिनींना नमस्कार सांग.

फाइल आली की आधी शेवटची दहा मिनिटं बघ, आवाज बंद करून. विगिन्सच्या झेलाआधी टॉम डावीकडे दोनदा पाहतो की तीनदा, ते मोजून कळव. मला दोनदा वाटतं, पण नेमकी तिथेच ती पांढरी पट्टी येते.

तुझाच,
दिलीप