ब्रेक पॅड किती मिमी उरलेत ते जॉबकार्डवर लिहून द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी वाईला राहतो आणि पाचगणीच्या एका शाळेत शिकवतो, म्हणजे रोज पसरणी घाट एकदा चढायचा आणि एकदा उतरायचा. दिवाळी जवळ आलीय, सुट्टीत पुण्या-मुंबईच्या गाड्या महाबळेश्वरला येतील, आणि दरवर्षी याच दिवसांत घाट उतरताना पुढच्या गाडीच्या चाकाचा जळका वास येतो, खाली वाईत आल्यावर कडेला गाडी लावून लोक बोनेट उघडून बघत उभे असतात, खरं तर बघायला पाहिजे चाकाकडे. म्हणून हे पत्र आत्ताच लिहितोय.

माझी छोटी हॅचबॅक आहे, पुढे डिस्क मागे ड्रम, आपल्याकडे बहुतेक छोट्या गाड्यांना असतात तसे. पावसाळा संपता संपता ब्रेकवर हलका पाय ठेवला की उजव्या पुढच्या चाकातून किरर्र आवाज यायला लागला. मी गाडी कंपनीच्या वर्कशॉपला नेली (नाव लिहीत नाही, भांडण त्या एका वर्कशॉपशी नाहीये). दोन तासांनी एस्टिमेट आलं, पुढचे पॅड (डिस्कला दोन्हीकडून घासून चाक थांबवतात ते), पुढच्या दोन्ही डिस्क, मागचे ब्रेक शू (ड्रमच्या आत तेच काम करतात ते), ब्रेक ऑइल आणि मजुरी मिळून १३,८०० रुपये. मी विचारलं पॅड किती मिमी उरलेत? तर उत्तर, "सर, संपलेत." डिस्क किती झिजलीय? "सर, लाइन पडल्यात." मागचे शू? "सर, तुम्ही घाटात चालवता ना, रिस्क कशाला घेता." मी परत विचारलं आकडा सांगा, तर तो पोरगा नुसता कॉम्प्युटरकडे बघत राहिला. त्याच्यावर राग नाही माझा, त्याला आकडा कुणी दिलाच नव्हता. पण घाटाची भीती घालून १४ हजारांचं काम गळ्यात मारायचं आणि एकही माप दाखवायचं नाही हे मला पटलं नाही, मी गाडी परत आणली. दुसऱ्या गिअरमध्ये, हळू.

शेजारी एसटी डेपोतून रिटायर झालेले मेकॅनिक काका राहतात. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "रविवारी खोलू की, त्यात काय. पण सर, मी सांगतो, हात तुम्ही चालवायचा."

तर आम्ही खोललं. गाडी सपाट फरशीवर, हँडब्रेक वर, गिअरमध्ये, मागच्या चाकांना दोन्हीकडून विटा. नट आधी जमिनीवर असतानाच ढिले करायचे, मग जॅक. आणि गाडीसोबत येतो तो कात्रीचा जॅक फक्त स्टेपनी बदलायला असतो, त्याच्या भरवशावर हात-डोकं आत घालायचं नाही, खाली ॲक्सल स्टँड (गाडीचं वजन पेलणारे लोखंडी टेकू) लागतातच, काकांनी ते आणल्याशिवाय चाकाला हात लावू दिला नाही. चाक काढलं, कॅलिपरचा (पॅडना डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याचा) खालचा बोल्ट काढला आणि कॅलिपर वर उचलून सुतळीने स्प्रिंगला बांधला, तो ब्रेकच्या होजवर (ऑइलच्या रबरी नळीवर) लोंबकळत ठेवला तर होज आतून फाटतो आणि बाहेरून काही दिसत नाही.

आणि मग जे दिसलं त्यासाठी खरं म्हणजे हे पत्र आहे. उजव्या चाकाचा बाहेरचा पॅड ७ मिमी होता, चांगला जाड. आतला पॅड २ मिमी! एकाच चाकात. नव्या पॅडवर साधारण १० मिमीच्या आसपास माल असतो आणि ३ मिमीवर आला की बदलायचा, म्हणजे आतला कधीच संपला होता आणि बाहेरचा अजून बरंच चालला असता. काकांनी बघताच सांगितलं पिन जाम आहे. कॅलिपर दोन पिनांवर सरकतो, पिस्टन आतला पॅड ढकलतो आणि कॅलिपर सरकून बाहेरचा ओढून घेतो, पिन गंजून अडकली की सगळा भार आतल्यावर पडतो. आमच्या पिनेचं रबर फाटलं होतं, पावसाळाभर पाणी आत जात होतं. आता बघा, वर्कशॉपने नवे पॅड, नव्या डिस्क सगळं टाकलं असतं आणि पिन तशीच राहिली असती तर वर्षभरात नवा पॅड पण असाच गेला असता. त्यांनी पिन साफ केली असती का? कदाचित केली असती, पण एस्टिमेटमध्ये पिनेचा एक शब्द नव्हता.

अजून एक. चाकाच्या फटीतून टॉर्च मारून लोक पॅड बघतात, मी पण बघितला होता आणि निवांत झालो होतो, पण फटीतून दिसतो तो बाहेरचा पॅड. आतला चाक काढल्याशिवाय नीट दिसत नाही. किरर्र आवाज करणारी ती छोटी पत्र्याची पट्टी असते ना पॅडला, ती बिचारी सांगत होती.

डिस्कचं माप घेताना काकांनी शिकवलेली युक्ती सगळ्यांना सांगण्यासारखी आहे. डिस्कच्या कडेला गंजाची आणि न झिजलेली कड उभी राहते, व्हर्निअर (जाडी मोजायचं साधन) सरळ लावला तर तो त्या कडेवर बसतो आणि डिस्क आहे त्यापेक्षा जाड दिसते. म्हणून दोन्ही बाजूंनी पॅड घासतो त्या जागेवर एकेक नाणं ठेवायचं, नाण्यांसकट माप घ्यायचं आणि नाण्यांची जाडी वजा करायची. आमची डिस्क भरली १९.२ मिमी. डिस्कवर कंपनीनेच किमान जाडी कोरलेली असते, आमच्यावर १८ होती. लाइन पडल्या होत्या पण नख अडकत नव्हतं, म्हणजे डिस्क बदलायचं कारणच नव्हतं. मागचे ड्रम आम्ही पुढच्या रविवारी काढून बघितले, शूवर ४ मिमी माल शिल्लक, तेही ठीक. म्हणजे वर्कशॉप पॅडच्या बाबतीत बरोबर होतं, डिस्क आणि शूच्या बाबतीत नाही, आणि मूळ रोगाबद्दल गप्प. हे मी चिडून नाही मोजून सांगतोय.

पिन बाहेर काढून पॉलिश पेपरने घासल्या, नवं रबर टाकलं, ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस लावलं (साधं चाकाचं ग्रीस लावू नका, रबर फुगतं). पिस्टन सी क्लॅम्पने हळूहळू आत दाबला, तेव्हा वर बोनेटमध्ये ब्रेक ऑइलच्या डबीवर लक्ष ठेवायचं, ऑइल मागे येतं, बाहेर सांडलं तर रंग खातं. उजवीकडचे झाले की डावीकडचे पण, पॅड नेहमी दोन्ही चाकांचे एकदमच बदलायचे, नाहीतर ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते. ब्रेकची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि अजूनही दुकानातल्या स्वस्त मालात काय असतं कुणाला माहिती, ब्रेक क्लीनर मारून ओल्या फडक्याने पुसा. शेवटी चाकं लावून गाडी खाली घेतली, नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला, म्हणजे तेवढ्याच जोराने आवळले.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडी हलवायच्या आधी बसल्या जागी ब्रेकचं पेडल पंप करायचं. पिस्टन आत दाबलेला असतो म्हणून पहिल्या एक-दोन वेळा पेडल सरळ फ्लोअरला जातं, ब्रेक लागतच नाही! दोन-चार वेळा दाबल्यावर घट्ट होतं. हे विसरून लोकांनी पहिल्याच वळणावर भिंतीला गाडी नेलेली काकांनी पाहिलीय. नंतर मोकळ्या रस्त्यावर ४०-५० च्या स्पीडवरून हळूहळू १० वर आणायची, असं वीस-पंचवीस वेळा, म्हणजे नवा पॅड डिस्कवर बसतो. मी पहिले तीन दिवस घाटात गाडी नेली नाही, एसटीने गेलो.

खर्च सांगतो. चांगल्या कंपनीचे पॅड १,४५०, ग्रीस १५०, क्लीनर ३५०, पिनेचं रबर १२०. ब्रेक ऑइल मात्र मी स्वतः केलं नाही, वाईतल्या गॅरेजमध्ये ७०० देऊन बदलून नळ्यांतली एअर काढून घेतली. एकूण २,७७०. ॲक्सल स्टँड काकांचे होते, मी नंतर स्वतःचे स्टँड आणि टॉर्क पान्हा घेतला त्याचे ४,००० वेगळे. म्हणजे पहिल्या खेपेला हत्यारांचा खर्च धरला पाहिजे, यूट्यूबवर "फक्त हजार रुपयांत" म्हणतात तसं नसतं.

ब्रेक ऑइलबद्दल एस्टिमेट खरं होतं, माझं चार वर्षं जुनं होतं. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ३ दर्जाचं ऑइल नवीन असताना किमान २०५ डिग्रीपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की ती मर्यादा १४० पर्यंत खाली येऊ शकते, डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. लांब उतारावर सतत ब्रेकवर पाय ठेवला की उष्णता ऑइलपर्यंत पोचते, ऑइल उकळून वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल मऊ पडून खाली जातं. पॅड कितीही नवे असोत. पुण्यात नवले पुलाच्या उतारावर नोव्हेंबर २०२२ मध्ये एका अवजड गाडीने कितीतरी गाड्यांना धडक दिली ते आपण सगळ्यांनी वाचलंय. उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवायची सवय अजून गेली नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, म्हणजे इंजिनच गाडी धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत, हे आमच्या भागातले जुने ड्रायव्हर शिकवायचे, ऑटोमॅटिक गाडीवाल्यांनी पण लो किंवा मॅन्युअल मोड वापरावा, तो त्यासाठीच दिलाय.

म्हणजे सगळ्यांनी घरी ब्रेक खोलावेत का? नाही, असं मी अजिबात म्हणत नाही. मागचे ड्रम स्प्रिंगांचं जंजाळ आहे, मला काका शेजारी नसते तर जमलं नसतं. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असलेल्या गाडीत मागचा पिस्टन आत घ्यायला स्कॅनर लागतो, जबरदस्ती केली तर मोटर जाते. ऑइलची पाइप उघडायची असेल, एबीएसचा (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला असेल, पेडल मऊ वाटत असेल तर सरळ मिस्त्रीकडे जा. पहिल्यांदा करणाऱ्याने जाणकार माणूस शेजारी असल्याशिवाय करू नये. आणि स्वस्त डुप्लिकेट पॅड टाकून पैसे वाचवण्यापेक्षा वर्कशॉपला चार हजार जास्त गेलेले परवडले. तसंही २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या पार्टवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, ओरिजिनल घ्या, बिल घ्या.

माझं म्हणणं वेगळंच आहे. ज्याला स्वतः करायचं नाही (आणि बहुतेकांना करायचं नसतं, वेळही नसतो) त्याला निदान कळलं पाहिजे की आपण पैसे कशाचे देतोय. डॉक्टर शुगर वाढलीय म्हणताना आकडा दाखवतात ना? मग ब्रेकचा आकडा का नाही? पुढचे पॅड चार, आतला बाहेरचा वेगळा, दोन डिस्कची जाडी आणि त्यावर कोरलेली किमान जाडी, मागच्या शूंचं माप. दोन ओळी होतात जॉबकार्डवर. माझ्या जॉबकार्डवर ७ आणि २ असं लिहिलेलं असतं तर मी काय कुणीही विचारलं असतं की एकाच चाकात एवढा फरक कसा, आणि पिन तिथेच सापडली असती. आणि काढलेले जुने पार्ट पिशवीत घालून मालकाला परत द्यावेत, न मागता. आज मागितले की "ते स्क्रॅपला गेले" ऐकावं लागतं.

हे काही मी एकटाच नवीन मागत नाहीये. शमशेर कटारिया नावाच्या ग्राहकाने २०११ मध्ये स्पेअर पार्टबद्दल तक्रार केली होती, त्यावर भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ ला १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड लावला. पार्ट खुल्या बाजारात मिळाले पाहिजेत आणि बाहेरच्या गॅरेजला काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द असं म्हणता येणार नाही, असंही त्या आदेशात होतं. पुढे ते अपिलात गेलं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यात गाड्यापण आहेत. पण माझ्यासारख्याला पोर्टलपेक्षा जॉबकार्डवरचे ते आकडे जास्त उपयोगाचे, ते राज्याच्या परिवहन खात्याने आणि ग्राहक संघटनांनी वर्कशॉपकडून लिहून घ्यायला लावावेत अशी माझी आपल्या पेपरमार्फत मागणी आहे. आणि आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचे वर्ग आहेतच, तिथे गाडीमालकांसाठी एका रविवारची शिकवणी का ठेवू नये? चाक काढायचं, पॅड मोजायचा, ऑइल बघायचं, एवढंच. फी घ्या, आम्ही देऊ.

तोपर्यंत आमच्या शाळेच्या पार्किंगमध्ये दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शनिवारी दुपारी मी जॅक, स्टँड, टॉर्च आणि व्हर्निअर घेऊन थांबणार आहे. सहकाऱ्यांपैकी ज्यांना घाट उतरून गावी जायचंय त्यांचं एकेक पुढचं चाक काढून आतला पॅड मोजून देणार, बदलणार काही नाही, फक्त आकडा कागदावर लिहून देणार. काका पण येतो म्हणालेत.

आपला नम्र,
एक शिक्षक, वाई (जि. सातारा)