दम गेलेली जेट स्की पाण्यात नेऊ नये

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सरून तारकर्ली, देवबाग आणि मालवणच्या किनाऱ्यावर जलक्रीडा पुन्हा सुरू झाल्या की माझ्यासारख्या इंजिन दुरुस्त करणाऱ्याकडे पहिले काही दिवस एकच तक्रार येत राहते : "मशीन चालू होते, पण दम नाही." ज्यांच्याकडे अजून जुन्या टू-स्ट्रोक जेट स्की आहेत, त्यांच्याकडून ती जास्त येते. त्यावर सर्रास होणारा उपाय म्हणजे नवीन प्लग लावायचा, कार्बोरेटरचा स्क्रू थोडा इकडेतिकडे करायचा आणि पर्यटक बसवून मशीन पाण्यात लोटायचे. हा उपाय किती महागात पडतो हे दर वर्षी पाहतो, म्हणून हे पत्र.

जेट स्कीला होडीसारखे सुकाणू नसते. मागून सुटणाऱ्या पाण्याच्या झोताची दिशा बदलूनच ती वळते, आणि झोत मंदावला की हँडल कितीही फिरवले तरी ती सरळच जात राहते. पोहणाऱ्यांच्या किंवा खडकांच्या जवळ इंजिनाने दम टाकला, तर चालवणाऱ्याच्या हाती फारसे काही उरत नाही.

अशा मशीनच्या बाबतीत पहिला प्रश्न विचारायचा तो असा, की रेस दिल्यावर इंजिनाचे फेरे चढतात की नाही. मोटरसायकलचा क्लच घसरतो तेव्हा इंजिन ओरडते आणि गाडी मात्र पुढे सरत नाही, तसा प्रकार असेल तर दोष इंजिनात नसून पाण्याचा झोत सोडणाऱ्या पंपात असतो. गेल्या हंगामात एका मालकाने दोन वेळा प्लग बदलून आणि कार्बोरेटरचे किट घालून झाल्यावर मशीन माझ्याकडे आणले. ते उलटवून खालची जाळी काढली, तर इम्पेलरच्या (पंपात पाणी मागे ढकलणाऱ्या पंख्याच्या) शाफ्टवर जाळ्याचा नायलॉन दोरा गुंडाळून, घासून, वितळून, बांगडीसारखा कडक झाला होता. तो ब्लेडने कापून काढायला पाऊण तास लागला आणि नवीन भाग एकही लागला नाही. (असे काम करताना इंजिन बंद करून, जिच्याशिवाय ते चालू होत नाही ती सुरक्षा-दोरी काढून घ्यावी, हे सांगावे लागू नये, पण बोटे गमावलेली माणसे मी पाहिली आहेत.) दोरा नसेल तर इम्पेलरच्या पात्यांच्या कडा आणि त्याभोवतीचे कडे पाहावे. या दोहोंमधली फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच असावी लागते. गुडघाभर पाण्यातून मशीन सोडण्याच्या सवयीमुळे वाळू आत ओढली जाते, ती फट वाढवते आणि झोत फुसका होतो. इंजिन थंड ठेवणारे पाणीही याच पंपाच्या दाबाने येत असल्यामुळे, तुंबलेला पंप मशीनचा वेग घालवतो आणि इंजिनही तापवतो.

फेरेच चढत नसतील, तर मात्र प्रकरण गंभीर समजावे. ज्यांनी यामाहाची आरएक्स १०० मोटरसायकल चालवली आहे त्यांना ठाऊक असेल, की टू-स्ट्रोकचे वंगण पेट्रोलबरोबरच आत जाते. पेट्रोल कमी पडले की तेलही कमी पडते. पूर्ण रेसवर अडखळणारे इंजिन बहुतेक वेळा पेट्रोलवाचून तापलेले असते, आणि तसेच दामटले तर पिस्टनला भोक पडते किंवा तो सिलिंडरला चिकटून बसतो. इंधन वाचावे म्हणून स्क्रू आत पिळणारे आमचे काही बंधू हेच संकट हाताने ओढवून घेतात.

पेट्रोल कमी का पडते, याचे उत्तर आता बरेचदा कॅनमध्येच सापडते. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल आले. इथेनॉल हवेतली ओल शोषते, आणि आपल्या कोकणातला पावसाळा तर ओलीचेच माहेरघर. मे महिन्यात टाकीत राहिलेले पेट्रोल सप्टेंबरात वापरायला काढले, की पुरेसे पाणी शिरलेले असल्यास इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी वेगळा थर बसतो. तेल वरच्या पेट्रोलमध्येच राहते आणि नळी मात्र तळातून ओढते. काचेच्या बाटलीत थोडे पेट्रोल काढून रात्रभर ठेवावे. सकाळी तळाशी रेघ दिसली, तर टाकी पूर्ण रिकामी करावी. जुन्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरचे पडदेही या इंधनाने फुगतात किंवा कडक होतात. शिवाय कार्बोरेटरच्या आत एक बारीक जाळी असते, जी बाहेरचा फिल्टर बदलणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही.

कार्बोरेटरला हात लावण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन सिलिंडरात तयार करतो तो दाब, मोजावे, असा माझा आग्रह आहे. सगळे प्लग काढून त्यांच्या वायरींना अर्थिंग द्यावे, प्लगच्या जागी दाब मोजणारे गेज बसवावे, रेस पूर्ण उघडी धरावी आणि काटा स्थिर होईपर्यंत स्टार्टर फिरवावा. बहुतेक इंजिनांत दर चौरस इंचाला १२० ते १५० पौंड दाब मिळतो. आकड्यापेक्षाही दोन सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा असतो. तो १० टक्क्यांहून जास्त असेल, तर स्क्रू फिरवून काही साधणार नाही, इंजिन उघडावेच लागेल. प्लगही बोलतो : विटकरी-तपकिरी असेल तर ठीक, पांढरा पडला असेल तर पेट्रोल कमी, काळा आणि ओला असेल तर ठिणगी मंद किंवा पेट्रोल जास्त, आणि त्यावर पाण्याचे थेंब असतील तर हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्याच्या झाकणामधली पट्टी) संशयित.

दिवसअखेर गोड्या पाण्याने धुतानाही आधी इंजिन चालू करून मग नळ सोडावा, आणि बंद करताना आधी नळ, मग इंजिन असा क्रम ठेवावा. उलट केल्यास एक्झॉस्टमधून पाणी सिलिंडरात शिरते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा "दम नाही" ऐकू येते.

जलक्रीडा व्यावसायिकांच्या संघटनांना आणि परवाने देणाऱ्या यंत्रणेला माझी विनंती आहे, की हंगामाच्या सुरुवातीला लाइफ जॅकेटांबरोबर प्रत्येक मशीनच्या दोन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन आणि टाकीतले जुने पेट्रोल काढल्याची तारीख एका वहीत नोंदवली जावी. गेजला फारसा खर्च येत नाही आणि एका मशीनला वीस मिनिटेही लागत नाहीत. ज्यांच्याकडे गेज नाही, त्यांना माझे मी आनंदाने देईन.

आपला,
एक इंजिन कारागीर, मालवण