कुलूप तोडून कुत्रा सोडवता येत नाही

महोदय,

मालक बाहेरगावी गेला आणि बाल्कनीत बांधलेला कुत्रा उपाशी राहिला, की सोसायटीच्या ग्रुपवर हमखास विचारणा होते, ‘प्राणी संस्थावाले त्याला उचलून का नेत नाहीत?’ कारण त्यांना तो अधिकारच नाही. कायद्याच्या लेखी कुत्रा ही मालकाची मालमत्ता. संस्थेचे ओळखपत्र किंवा मानद पशु कल्याण अधिकाऱ्याचे कार्ड दाखवून कुणाच्या घरात शिरता येत नाही. कुलूप तोडले तर गृहअतिक्रमणाची आणि चोरीची तक्रार सोडवणाऱ्यावरच होऊ शकते.

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा 1960 सालचा आहे. त्याच्या कलम 11 प्रमाणे पुरेसे अन्न, पाणी वा निवारा न देणे, फार आखूड किंवा जड साखळीला तासन्‌तास बांधणे, कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणे, हे सारे गुन्हेच आहेत. पण कलम 31 ने दखलपात्र, म्हणजे पोलिसांना स्वतःहून तपास करता येईल असे, ठरवलेले गुन्हे मोजके आणि उपासमार त्यांत नाही. म्हणून ठाणे अंमलदार एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतो आणि मोकळा होतो. पुढचा तपास दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नाही. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. एवढ्यात आज कुत्र्याच्या गळ्यातला पट्टाही येत नाही! दंड वाढवण्याची गरज सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या जल्लीकट्टू निकालात सांगितली होती. 2022 मध्ये दुरुस्तीचा मसुदा आला, पण त्याचा कायदा झाला नाही.

काही जण भारतीय न्याय संहितेचे कलम 325, म्हणजे प्राण्याला ठार मारणे किंवा अपंग करणे, लावा म्हणून आग्रह धरतात. ते दखलपात्र आहे, शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. पण तो आगळिकीचा गुन्हा. दुसऱ्याचे किंवा जनतेचे नुकसान करण्याचा हेतू किंवा त्याची जाणीव दाखवावी लागते. मालकाने स्वतःच्याच कुत्र्याचे हाल केले असतील तर तिथे गाडी अडते.

मग वाट कोणती? अंगणात किंवा पार्किंगमध्ये, उघड्यावर बांधलेला कुत्रा असेल तर 1960 च्याच कायद्याचे कलम 34. कॉन्स्टेबलच्या वरच्या दर्जाचा कोणताही पोलीस, म्हणजे हवालदारसुद्धा, क्रूरतेची खात्री पटल्यास प्राणी ताब्यात घेऊन दंडाधिकाऱ्यांपुढे किंवा पशुवैद्यकीय अधिकाऱ्यापुढे तपासणीसाठी हजर करू शकतो. ठाण्यात फारसे कुणाला हे कलम तोंडपाठ नसते; अर्जासोबत त्याची छापील प्रत जोडावी. कुत्रा बंद फ्लॅटमध्ये असेल तर कलम 33 चे झडती वॉरंट लागते. ते दंडाधिकाऱ्यांप्रमाणेच पोलीस आयुक्त किंवा जिल्हा पोलीस अधीक्षकही देऊ शकतात, मात्र माहिती लेखी हवी. फोनवरच्या तक्रारीने काम भागत नाही.

खटले पडतात ते बहुधा कागदामुळे. रडक्या व्हिडिओचा न्यायालयात फारसा उपयोग नाही. तारीख-वेळ असलेली तीन-चार दिवसांची छायाचित्रे हवीत, तीही रस्त्यावरून किंवा शेजाऱ्याच्या संमतीने त्याच्या घरातून काढलेली. साखळीची लांबी फुटात लिहावी. ताब्यात घेताना पंचनामा व्हावा आणि त्याच दिवशी पशुवैद्याने वजन, बरगड्या-माकडहाड किती दिसतात, पट्ट्याखालची जखम, त्यात अळ्या आहेत का, हे प्रमाणपत्रात नोंदवावे. आठवडाभर खाऊपिऊ घातल्यावर केलेली तपासणी बचाव पक्षाच्याच कामाची. आणि कलम 36 विसरू नये : गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांत खटला दाखल झाला नाही तर प्रकरण तिथेच संपते.

ताब्यात घेतला म्हणजे कुत्रा संस्थेचा झाला, हाही गैरसमज. कलम 35 खाली दंडाधिकारी त्याला उपचारासाठी ठेवायला सांगतात, खर्च मालकाकडून वसूल होऊ शकतो, पण मालकी त्याचीच राहते. त्या काळात कुत्रा परस्पर दत्तक देऊन टाकणाऱ्या संस्था स्वतःच अडचणीत येतात. मालकी काढून घेण्याचा अधिकार कलम 29 प्रमाणे फक्त न्यायालयाला, तोही दोष सिद्ध झाल्यावर आणि कुत्रा परत दिला तर पुन्हा हाल होतील असा पुरावा असेल तरच.

म्हणूनच जाणते कार्यकर्ते आधी मालकाशी शांतपणे बोलतात. आजारपण, बदली, वाढलेला खर्च अशी कारणे असली की पुष्कळ जण कुत्रा सोडायला तयार असतात. तेव्हा साध्या कागदावर ‘स्वखुशीने कायमचा ताबा देत आहे’ असे लिहून घ्यावे, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात, महापालिकेचा परवाना आणि लसीकरणाचे कार्डही मागून घ्यावे.

— एक प्राणिमित्र कार्यकर्ता, पुणे