मेजरचं काम

नौपाडा, ठाणे
रविवार, रात्र

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

ऐरोलीला पोचल्याचा तुझा मेसेज मिळाला. डबा मात्र इथेच ओट्यावर राहिला. थालीपीठं मावशीने नेली.

तालमीत सगळ्यांसमोर तू ‘बाबा, कागद घ्या’ म्हणालीस, त्याचा मला राग नाही. दिग्दर्शकाने म्हणायलाच हवं. पण लिफ्टमध्ये डॉक्टरांचा विषय काढलास तो नको होता. तो विषय इथेच संपला.

अगाथा ख्रिस्तीच्या या खुनाच्या नाटकाची, ‘माउसट्रॅप’ची, बाकी पात्रनिवड तुला साधली आहे. पॅराविचिनीला तो हसरा, गडबड्या मुलगा घेतलास. प्रेक्षक पहिला संशय त्याच्यावरच घेणार, घेऊ देत. मिसेस बॉईलचं मात्र पुन्हा बघ. पहिल्या अंकाअखेर मरते म्हणून ‘कोणीही चालेल’ म्हणालीस ना, तिथे चुकतेस. ती इतकी खाष्ट हवी की मेल्यावर लोकांना सुटल्यासारखं वाटेल आणि लगेच त्याची लाज वाटेल. त्याला कसलेली बाई लागते. आणि नवरा-बायकोच्या कामाला खरं जोडपं घे, हे मी म्हणालो ते मागे घेतो. १९५२ साली लंडनला पहिल्या संचात रिचर्ड अॅटनबरो आणि त्यांची पत्नी शीला सिम दोघंही होते. ती गेस्टहाउसची मालकीण होती, पण तो तिचा नवरा नव्हता, पोलीस होता! तुझ्या आईला हे फार आवडलं असतं. गडकरीत आमचा प्रयोग असला की ती विंगेत वही घेऊन बसायची. मी अडकण्याआधी तिला कळायचं. नुसते ओठ हलवायची.

आता मेजरचं. ते काम दुसऱ्याला दे.

कौटुंबिक नाटकात वाक्य गेलं तर समोरचा सांभाळून घेतो. मीही आयुष्यभर पदरची वाक्यं घालून टाळ्या घेतल्या. इथे मंचावर आठच माणसं, आणि कोण कुठल्या वेळी कुठे होता यावर सगळा खेळ. एक वाक्य गेलं की पुरावाच गेला.

तू मला हे काम का दिलंस ते मला कळतं, मनू. पाठांतर केलं की डोकं चालू राहतं, असं तुला कुणीतरी सांगितलं असणार. भूमिकेसाठी माणूस शोधायचा असतो. माणसासाठी भूमिका शोधली की दोन्ही बिघडतात. पंचवीस वर्षं हौशी रंगभूमीवर... जाऊ दे, लागलो बघ शिकवायला. चुकलं. नाटक तुझं आहे.

अक्काचं सुरू झालं तेव्हा ती कुकरच्या शिट्ट्या विसरायची. माझं तसं नाही. मी एकच जागा विसरतो. मेजरची सगळी वाक्यं वहीत उतरवून काढलीत. पहाटे तलावपाळीला दोन फेऱ्यांत अख्खं काम म्हणून होतं. तीन दिवस झाले, ती एक जागा मात्र तिथेच गळते. घरी येऊन वही उघडली की वाटतं, अरे, एवढं सोपं होतं.

काल संध्याकाळी मुद्दाम मोठ्याने म्हटलं. शेजारच्या छोट्याने दारातून विचारलं, ‘आजोबा, कुणाशी बोलताय?’ खुनी कोण ते मात्र त्याला सांगितलं नाही, मावशीलाही नाही. तेवढं अजून लक्षात आहे.

बुधवारी तालमीला येतो. दुसरा मेजर मिळेपर्यंत वाचून जागा भरेन, कागद हातात धरूनच. तुमच्यात प्रॉम्प्टिंगला कोण बसतं? मुलगी असेल तर तिला माझ्या समोरच्या विंगेत बसव, डाव्या कानाने मला कमी ऐकू येतं.

डॉक्टरांचं गुरुवारनंतर बघू. सकाळची वेळ घे. तू येणार असशील तर.

तुझा
बाबा

ता. क. थालीपीठं पुन्हा लावतो. बुधवारी डबा विसरू नकोस.