तुझ्या प्रश्नाला, वडगावातून

वडगाव, बेळगाव

प्रिय मित्रा,
सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘घराचं कर्ज फिटलं, पोरं मार्गी लागली, आता सकाळी उठायचं कशासाठी?’ हे वाचून जीव हलला. विणकामाचा माग बंद केला तेव्हा मीही हाच प्रश्न घेऊन प्रार्थनेला बसायचो. प्रभू, काहीतरी मोठं काम दे, एवढंच मागणं. वर्षभर काही आलं नाही. मग शेजारच्या अज्जांचा पाय आला.

अज्जा तुला आठवत असतील. गल्लीतल्या पाटीवरून मराठी-कानडी वाद पेटला, तेव्हापासून आमचं बोलणं बंद. अकरा वर्षं. 1956 साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, ते दुखणं आम्ही दोघांनी आपापल्या पायरीवर बसून जपलं. त्यांचा मुलगा बेंगळुरूला. साखरेमुळे पायाची जखम भरेना, आणि ड्रेसिंगला येणारा पोरगा यायचा थांबला. एका संध्याकाळी अज्जी आमच्या दारात येऊन नुसत्या उभ्या राहिल्या.

पहिल्या दिवशी वासानं मी उंबऱ्यावरूनच मागं फिरलो. नळावर तोंड धुतलं, ‘प्रभू, तू पुढं हो’ म्हटलं आणि आत गेलो. पट्टी जखमेला चिकटलेली. ती ओढायची नाही; सलाइननं भिजवून थांबायचं, मग अलगद सुटते. पाय धुवायचं पाणी आधी आपल्या कोपरानं बघायचं, कारण त्या पायाला चटका कळतच नाही. बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करायच्या. हे सगळं नर्सबाईंनी शिकवलं. मी पाय मांडीवर घेतला, तर अज्जा ‘ब्याडा, ब्याडा’ (नको, नको) करत मागं ओढू लागले. मला येशूचा शिष्य पेत्र आठवला. शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभू शिष्यांचे पाय धुवायला लागला, तेव्हा तोही धुवू देत नव्हता.

बायबलमधला हा योहानाचा 13 वा अध्याय लहानपणापासून ऐकत आलोय. पण त्या भोजनाला शिष्य यहूदाही तिथंच बसला होता, हे कधी टोचलं नव्हतं. हा आपल्याला धरून देणार, हे ठाऊक असूनही प्रभूनं त्याचे पाय धुतले. आणि मी एका पाटीसाठी अकरा वर्षं तोंड फिरवून बसलो! त्या रात्री खूप रडलो रे. कबूल करायला लाज वाटत नाही.

तू लिहितोस, आता उशीर झाला. पंडिता रमाबाईंकडे बघ. 1858 साली जन्म आपल्याच कर्नाटकातल्या घाटात, काम उभं केलं केडगावला. दुष्काळातल्या निराधार मुली, विधवा यांना त्यांनी घर दिलं. तरुणपणीच ऐकू कमी येऊ लागलं होतं, तरी हिब्रू आणि ग्रीक शिकून उतारवयात बायबल मराठीत आणायचं काम 1922 साली मरेपर्यंत सोडलं नाही. आपल्यापुढं त्यांच्याएवढा डोंगर नाही. एखादाच पाय असेल, पण तो आपल्या वाट्याचा आहे.

रोज मन भरून येतं असं समजू नको. काही सकाळी प्रार्थना ओठांवरच राहते, तरी सहाला पाणी तापवतो. जखम आता रुपयाएवढी उरलीय. ड्रेसिंग झालं की मी मराठीत स्तोत्र वाचतो, अज्जा कानडीत ‘हौदु’, म्हणजे ‘हो’, म्हणतात.

शनिवारी रात्रीच्या गाडीनं निघ. सकाळी दोघं मिळून अज्जांकडं जाऊ, तू टॉवेल धर. मग उपासनेला.

तुझाच