गेमचं खातं चोरीला गेल्यावर दाद कुठे मागायची? माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुलं पत्र

माननीय माहिती तंत्रज्ञान मंत्री यांना,

सादर नमस्कार.

ऑनलाइन गेमचं खातं चोरीला गेलं की ते परत मिळणं सर्वस्वी कंपनीच्या मर्जीवर असतं. या मर्जीच्या जागी कायद्याने कंपनीवर कर्तव्य टाकावं, एवढ्या एका मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे. मी स्वतः खेळते. खातं गमावलेल्या खेळाडूंना कंपनीकडे तक्रार लिहायला आणि पुरावे जमवायला मदतही करते. त्यांत शाळकरी मुलंच जास्त असतात. विषयात ‘गेम’ हा शब्द दिसला की तक्रारीचं वजन निम्मं होतं, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. म्हणून चोरीला नेमकं काय जातं, ते आधी सांगते.

अशा खात्यात पैसे देऊन घेतलेले गेम असतात. वर्षानुवर्षं खेळून मिळवलेली पातळी असते. खऱ्या पैशांत विकता येतील अशा वस्तू असतात, आणि पुष्कळदा आईवडिलांचं कार्ड जोडलेलं असतं. मित्रांची यादी असते. चोराला ही यादी फार उपयोगाची, कारण पुढचा फसवा संदेश तो याच मुलाच्या नावाने त्याच्या मित्रांना पाठवतो. ओळखीच्या नावाने आलेली लिंक कोण तपासून पाहतं?

नेदरलँड्समध्ये २००७ साली दोन मुलांनी एका १३ वर्षांच्या मुलाला मारहाण करून, धमकावून रूनस्केप या गेममधला एक ताईत आणि एक मुखवटा त्याच्या खात्यातून स्वतःच्या खात्यावर वळवून घेतला. या वस्तू हातात धरता येत नाहीत, मग चोरी झाली कशी, असा युक्तिवाद झाला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१२ रोजी तो फेटाळला. त्या मिळवायला मुलाने वेळ आणि मेहनत घातली होती, त्या त्याच्या ताब्यात होत्या आणि त्याच्याकडून काढून घेतल्या गेल्या, म्हणून ती चोरीच, असं न्यायालय म्हणालं. इतकी साधी गोष्ट तक्रार नोंदवून घेणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्यापर्यंत पोचायला हवी. ‘गेमच ना, नवीन आयडी काढ’ हे उत्तर मुलांना फार ऐकावं लागतं.

यावर नेहमीचा सल्ला असतो सावध राहण्याचा. पासवर्ड कुणाला देऊ नका, अनोळखी लिंक उघडू नका. सल्ला बरोबर आहे, पण फसतो तो निष्काळजी, असा एक समज त्यात दडलेला आहे, आणि तो खोटा आहे. गेम विकणारं आणि खेळाडूंची खाती ठेवणारं स्टीम हे ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने डिसेंबर २०१५ मध्ये स्वतः जाहीर केलं होतं की दरमहा सुमारे ७७,००० खाती बळकावून लुटली जात आहेत. हे लोक नवखे किंवा भाबडे नाहीत, त्यांत व्यावसायिक खेळाडू आणि वस्तूंचे अनुभवी व्यापारीही आहेत, हेही कंपनीनेच सांगितलं. खेळाडूंना एकमेकांत वस्तूंची अदलाबदल करण्याची सोय सुरू झाल्यापासून खातेचोरी वीसपट वाढली, ही कबुलीही तिचीच. याचा अर्थ, चोरी कशामुळे वाढली हे कंपन्यांना पक्कं ठाऊक असतं.

फसवणारा ईमेल आता चुकांनी भरलेला नसतो. कंपनीचं चिन्ह, रंग, मजकूर सगळं हुबेहूब असतं. तुमच्या खात्यावर अनोळखी ठिकाणाहून लॉगिन झालं आहे, अमुक तासांत खात्री केली नाही तर खातं बंद होईल, असं त्यात लिहिलेलं असतं. म्हणजे मुलाला चोरीचीच भीती घालून त्याच्याकडून चोरी करवून घेतात. पत्त्यात इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ चिकटवलेले असतात आणि मोबाईलच्या पडद्यावर तो फरक डोळ्यांना दिसत नाही. २०२२ मध्ये स्टीमच्या खेळाडूंवर एक वेगळीच युक्ती वापरली गेली. फसव्या पानाच्या आतच लॉगिनची खोटी खिडकी काढलेली, तिच्यावर अस्सल पत्ता आणि कुलपाचं चिन्हसुद्धा. पत्ता नीट वाचा, असं आपण मुलांना शिकवतो. इथे मुलाने पत्ता वाचला तरी तो बरोबरच दिसणार.

ओटीपी आहे ना, असं कुणी म्हणेल. खोट्या पानावर भरलेला ओटीपी चोर त्याच क्षणी खऱ्या संकेतस्थळावर टाकतो. आणि चीट (गेममध्ये लबाडीने जिंकून देणारं सॉफ्टवेअर) किंवा मॉड (गेममध्ये बदल करणारी फाईल) म्हणून उतरवलेल्या फाईलमधून माहितीचोर सॉफ्टवेअर आत शिरलं, तर ते ब्राउझरमधली चालू लॉगिनची खूणच उचलून नेतं. मग पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही.

यातला काही भाग खेळाडूच्या हातात असतोच कुठे? २०११ साली सोनीच्या प्लेस्टेशन नेटवर्कमधून सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती गेली. सेवा २० एप्रिलला बंद झाली आणि माहिती चोरीला गेल्याचं ग्राहकांना २६ एप्रिलला सांगण्यात आलं. २०१९ मध्ये झिंगा या गेम कंपनीच्या सुमारे १७ कोटी खात्यांचा तपशील बाहेर पडला. असे ईमेल आणि पासवर्ड मग इतर संकेतस्थळांवर यंत्राने एकामागून एक लावून पाहिले जातात. ज्या मुलाने दोन ठिकाणी एकच पासवर्ड ठेवला, त्याचं दुसरं खातंही जातं. एकच पासवर्ड ठेवू नये हे खरं, पण पहिली गळती कंपनीकडून झाली हेही तितकंच खरं. माहिती फुटल्यावर ७२ तासांत नियामकाला कळवायचं, असा नियम युरोपात २०१८ पासून आहे. खेळाडूलाही तितक्याच तातडीने आणि त्याला समजेल अशा भाषेत कळलं पाहिजे.

आता ज्यासाठी मी पत्र लिहायला बसले त्याकडे येते. खातं गेल्यानंतरचे पहिले काही तास.

चोर आत शिरला की आधी ईमेल बदलतो, मग फोन नंबर, मग पासवर्ड. जुन्या ईमेलवर सूचना येते. मूल शाळेत असतं किंवा झोपलेलं असतं. ते सूचना पाहीपर्यंत वस्तू दुसऱ्या खात्यावर, तिथून तिसऱ्या खात्यावर गेलेल्या असतात. मग मूल कंपनीच्या मदत विभागाला लिहितं. साच्यातलं उत्तर येतं. पहिल्या खरेदीची पावती मागतात, खातं उघडताना वापरलेला ईमेल मागतात, कार्डाचे शेवटचे अंक मागतात. खातं उघडलं तेव्हा मूल लहान होतं, ईमेल मोठ्या भावाचा होता, पैसे गिफ्ट कोडने भरले होते. पुरावा उभा राहत नाही आणि तक्रार ‘निकाली’ निघते. मी मदत केलेल्या एका मुलाच्या बाबतीत चोराने त्याच्या खात्यावरून चीट वापरलं, खात्यावर कायमची बंदी आली, आणि खात्यावर जे घडेल त्याला खातेदार जबाबदार, हे कलम कंपनीने त्यालाच वाचून दाखवलं. चोरी त्याची झाली आणि शिक्षाही त्यालाच.

परत देणं अवघड का, याचं एक खरं कारण आहे आणि ते मी टाळणार नाही. खातं परत मिळवणं फार सोपं केलं तर चोरही त्याच वाटेने येतो. जानेवारी २०२२ मध्ये ईए कंपनीने मान्य केलं की फिफा हा तिचा फुटबॉलचा गेम खेळणाऱ्या नामवंत खेळाडूंची, पन्नासपेक्षा कमी, खाती अशीच गेली. चोरांनी मदत विभागातल्या कर्मचाऱ्यांनाच बोलण्यात गुंतवून, दबाव आणून ईमेल बदलून घेतले होते. त्यानंतर ईमेल बदलण्याच्या प्रत्येक विनंतीला वरिष्ठाची मंजुरी कंपनीने सक्तीची केली.

मला यातून वाट दिसते ती अशी. खातं गोठवणं अगदी सोपं असावं आणि त्याची मालकी बदलणं मुद्दाम संथ असावं. जुन्या ईमेलवरून किंवा आधी वापरलेल्या फोनवरून कुणीही ‘माझं खातं गेलं’ असं कळवलं, की खातं तिथल्या तिथे गोठलं पाहिजे. त्यातून काही विकता येऊ नये, काही पाठवता येऊ नये, कुणाला संदेश जाऊ नये. तक्रार खोटी निघाली तर खऱ्या मालकाचं नुकसान थोडा वेळ न खेळता येण्याइतकंच. ईमेल आणि फोन नंबर बदलण्याची विनंती मात्र काही दिवस थांबून अमलात यावी, आणि तेवढ्या दिवसांत जुन्या पत्त्यावरून ती रद्द करता यावी. खरा मालक कोण हे ठरवायला मग माणसाने बसून पुरावा पाहावा, आणि त्याला मुदत असावी. नकार द्यायचा तर कारण लेखी द्यावं. त्या नकाराविरुद्ध कंपनीच्या बाहेर अपील करता यावं.

हे अशक्य आहे असं कंपन्या सांगतील तेव्हा आपण त्यांना त्यांच्याच सोयी दाखवाव्यात. मोबाईलवरचा सुरक्षा कोड न लावलेल्या खात्यातून वस्तू गेली, तर ती काही दिवस रोखून धरण्याची पद्धत स्टीमवर अनेक वर्षं आहे. २०२५ मध्ये काउंटर-स्ट्राइक २ या गेममधल्या वस्तूंची अदलाबदल सात दिवसांच्या आत उलटवण्याची सोयही तिथे आली. म्हणजे गेलेली वस्तू परत आणता येते. ज्या कंपनीला हे महत्त्वाचं वाटलं तिने केलं. बाकीच्यांना वाटावं यासाठीच तर नियम लागतो.

पैशांच्या बाबतीत एक उदाहरण फार उपयोगी आहे. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने फोर्टनाइट हा गेम बनवणाऱ्या एपिक गेम्सवर कारवाई केली. परवानगीविना कापलेल्या पैशांबद्दल ज्यांनी बँकेकडे तक्रार केली, त्यांची खातीच कंपनीने बंद केली, हाही एक आरोप होता. तडजोडीत एपिकने ग्राहकांना परत देण्यासाठी २४.५ कोटी डॉलर देण्याचं मान्य केलं, आणि अशा तक्रारीवरून खातं बंद करण्यास तिला मनाई झाली. हाच धाक आपल्या खेळाडूंच्या मनातही असतो. चोराने कार्ड वापरलं तरी पालक बँकेकडे जात नाहीत, कारण पैसे परत मागितले की मुलाचं खातं जाईल. एवढी एक मनाई आपल्या नियमांत आली तरी पालकांचे हात मोकळे होतील.

चोरी होण्याआधीच्या उपायांत मी पासकीला सगळ्यात वर ठेवते. पासकी म्हणजे पासवर्डऐवजी फोनमध्येच ठेवलेली लॉगिनची किल्ली. ती ज्या संकेतस्थळासाठी बनली तिथेच चालते. पान कितीही हुबेहूब असो, पत्ता वेगळा असेल तर फोन ती देतच नाही. मूल फसलं तरी पासकी फसत नाही. निन्टेन्डो आणि सोनी यांनी आपल्या खात्यांसाठी ती दिलेली आहे. पैसे किंवा विकता येणाऱ्या वस्तू ठेवणाऱ्या प्रत्येक गेमने ती द्यावी, आणि फक्त एसएमएसवर विसंबू नये, कारण सिमकार्डही बळकावता येतं. सक्तीपेक्षा गोडीने काम होतं असं वाटत असेल तर त्याचेही दाखले आहेत: ऑथेंटिकेटर (लॉगिनचा कोड देणारं ॲप किंवा उपकरण) लावणाऱ्यांना ब्लिझार्ड या गेम कंपनीने गेममधला पाळीव प्राणी दिला, आणि टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डबरोबर दुसरी खात्री, लावणाऱ्यांना एपिकने फोर्टनाइटमधलं एक नृत्य दिलं. मुलांनी त्यासाठी धावत जाऊन सुरक्षा लावली.

ईमेलच्या बाबतीत काम आणखी सोपं आहे. कंपनीच्या नावाने दुसऱ्याने पाठवलेला मेल ओळखून नाकारण्यासाठी डीमार्क नावाची व्यवस्था आहे. गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून, मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना ती लावणं बंधनकारक केलं. मात्र खोटा मेल नाकारू नको, नुसतं ‘पाहत राहा’, असंही तिला सांगून ठेवता येतं. गेम कंपन्यांनी ती ‘नाकारा’वर ठेवावी, असं एका ओळीत सांगता येईल. मिळतंजुळतं नाव घेऊन केलेली फसवणूक याने थांबणार नाही, पण अस्सल पत्त्यावरून आल्यासारखा दिसणारा मेल थांबेल.

जनजागृती थांबवा, असं माझं म्हणणं नाही. ती अचूक करा. ठरावीक मुदतीने पासवर्ड बदला, हा जुना सल्ला अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१७ मध्येच बाजूला ठेवला, तो आपल्या फलकांवरूनही जावा. त्याजागी मुलांना सांगा की मेलमधल्या लिंकवरून लॉगिन कधीच करू नका, ॲप किंवा संकेतस्थळ स्वतः उघडा. पासवर्ड मॅनेजर (पासवर्ड जपून ठेवून आपोआप भरणारं ॲप) नेहमीच्या पानावर आपोआप भरत नसेल तर थांबा, पान खोटं असू शकतं. गेमपेक्षाही आधी ईमेलचं खातं सुरक्षित करा, कारण ते गेलं की सगळंच जातं. संशयास्पद फाईल चालवली असेल तर आधी दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून सगळी लॉगिन बंद करा आणि मगच पासवर्ड बदला. आणि घरी सांगा. रागावतील म्हणून मुलं दोन-दोन दिवस गप्प राहतात, आणि चोराला हवे असतात ते नेमके हेच दोन दिवस.

नियमांचा मसुदा करायला बसाल तेव्हा कंपन्यांचे वकील येतीलच. त्यांच्याबरोबर मदत विभागात तक्रारी वाचणाऱ्या कर्मचाऱ्यांना बोलवा, कोणत्या प्रश्नाला कोणतं साच्यातलं उत्तर द्यायचं हे त्यांना माहीत असतं. पालकांना आणि खाती गमावलेल्या मुलांनाही बोलवा. ज्यांनी मला परवानगी दिली आहे त्यांचा कंपन्यांशी झालेला पत्रव्यवहार, नावं आणि ओळख काढून, मी आपल्या कार्यालयाकडे द्यायला तयार आहे. त्यातल्या काही तक्रारी अजून उघड्या आहेत.

आपली विश्वासू,
एक खेळाडू